साष्टीचें रान आणि मुंबईचे छांदिष्ट

छंद हा शब्द आपल्या समाजांत फारशा आदरानें उच्चारला जात नाहीं. ज्याला छंद लागला तो कामांतून गेला, अशी घरोघरच्या वडील माणसांची समजूत. आणि त्यांतून तो छंद जर किडे, सरडे किंवा पांखरें गोळा करण्याचा असला, तर मग बोलावयासच नको. मुलाच्या खिशांत सांपडलेली बेडकी पाहून आई दचकते, आणि कोनाड्यांतल्या डबींत ठेवलेला सुरवंट आजीच्या दृष्टीस पडला म्हणजे घरांत महाभारत सुरू होतें. तरीहि अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या उपनगरांच्या मधोमध आजमितीस जें विस्तीर्ण अरण्य उभें आहे, त्याचें ज्ञान, आणि कांहीं अंशीं त्याचें रक्षणहि, असल्याच छांदिष्ट माणसांच्या हातून घडलें आहे. ही हकीकत सुमारें एकशें चाळीस वर्षांची आहे, आणि तिचा आरंभ एका साध्या गप्पांच्या बैठकींत झाला.

१५ सप्टेंबर १८८३ रोजीं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्यूझियममध्यें, म्हणजे ज्याला पुढें डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव देण्यांत आलें त्या वस्तुसंग्रहालयांत, आठ गृहस्थ एकत्र जमले. त्यांत कोणी लष्करी अधिकारी होता, कोणी सरकारी नोकर, तर कोणी वैद्यकी करणारा. महिन्यांतून एकदां भेटावें, प्राणिसृष्टीविषयीं ज्यानें जें पाहिलें असेल तें इतरांस सांगावें, आणि एकादी चमत्कारिक वस्तु हातीं लागली असल्यास ती सर्वांपुढें ठेवावी, एवढाच त्यांचा संकल्प. याच बैठकींतून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था जन्मास आली.

त्या आठांमध्यें दोघे मराठी होते, ही गोष्ट विसरली जाऊं नये. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर. १८६७ सालीं प्रार्थना समाजाची स्थापना त्यांच्याच पुढाकारानें झाली, आणि पुढें मुंबईचे शेरीफ होण्याचा मानहि त्यांस मिळाला. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. मुंबईच्या बाजारांत मिळणाऱ्या औषधी वनस्पतींची पद्धतशीर यादी त्यांनीं १८७९ सालीं प्रसिद्ध केली होती. ज्या रखमाबाईंच्या विवाहाच्या खटल्यानें पुढें सारा महाराष्ट्र ढवळून निघाला, त्यांचे हे सावत्र वडील. संस्था स्थापन झाल्यावर दोन वर्षांच्या आंत, १८८५ सालीं, डॉ. सखाराम अर्जुन निवर्तले. समाजसुधारणा करणारी ही माणसें किड्यामुंग्यांच्या गोष्टी ऐकावयास वेळ कसा काढीत, असा प्रश्न पडणें साहजिक आहे. परंतु ज्याची दृष्टि उघडी आहे त्याला माणसांची वस्ती आणि मुंग्यांचें वारूळ ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच नवलाच्या वाटतात. रूढीनें सांगितलें म्हणून न मानतां स्वतः पाहून ठरवावयाचें, हा या दोन्ही उद्योगांतला समान धागा होय.

संस्थेचे पहिले मानद चिटणीस एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे होते. यांचा जन्म १८५१ सालचा, आणि तोहि साताऱ्याचा. कांहीं वर्षें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत लॅटिन शिकविल्यावर ते जकात व मीठ खात्यांत शिरले. संस्था निघाली त्याच १८८३ सालीं त्यांचें 'द ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. नांवावरून वाचकांस सरहद्दीवरील लढाऊ टोळ्यांची आठवण व्हावी. परंतु एटकिनसाहेबांची सरहद्द म्हणजे त्यांच्या बंगल्याचें आवार, आणि त्यांच्या टोळ्या म्हणजे उंदीर, कावळे, मुंग्या, पाली आणि बेडूक! घराच्या ओसरीवर बसूनहि सृष्टीचा अभ्यास करतां येतो, ही गोष्ट त्यांनीं विनोदाच्या मिषानें वाचकांच्या गळीं उतरविली.

संस्थेजवळ आरंभीं ना जागा होती ना पैसा. १८८४ च्या जानेवारींत हर्बर्ट फिप्सन यांनीं फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या पेढींतील एक खोली तिला देऊं केली. फिप्सन हे मद्याचे व्यापारी. अशा रीतीनें मुंबईच्या प्राणिशास्त्राचा संसार दारूच्या पेढींत थाटला गेला! १८८६ सालीं संस्थेचें नियतकालिक निघूं लागलें, आणि दूर कोठें तरी एकाकी राहणारा जंगल अधिकारी, मळेवाला किंवा इंजिनियर आपण पाहिलेलें तिच्याकडे लिहून पाठवूं लागला. फिप्सन यांच्या पत्नी डॉ. एडिथ पीची ह्या कामा इस्पितळाच्या प्रमुख होत्या. रखमाबाई वैद्यकी शिकावयास विलायतेस गेल्या, त्या वेळीं त्यांच्या पाठीशीं उभ्या राहिलेल्यांत ह्या डॉक्टरीणबाई अग्रभागीं होत्या. एका लहानशा मंडळाच्या ओळखीपाळखींतून केवढीं कार्यें उभीं राहतात, याचें हें एक उदाहरण.

याच पेढींत एक विलक्षण पाळीव प्राणी राहत असे. १८९४ सालीं कारवारकडून एक राजधनेशाचें पिलूं संस्थेकडे आलें. त्याचें नांव विल्यम ठेवण्यांत आलें. धनेश हा सह्याद्रीच्या दाट रानांतला पक्षी. लांबीला सुमारें तीन-साडेतीन फूट, भली मोठी पिवळी चोंच, आणि तिच्यावर शिरस्त्राणासारखें शिंग. विल्यमचा पिंजरा चिटणिसांच्या खुर्चीच्या पाठीमागेंच ठेवलेला असे, आणि लोक त्याला थट्टेनें 'कचेरींतली कॅनरी' म्हणत. एकदां त्यानें एक जळती सिगार गिळली, तरी त्याला कांहीं झालें नाहीं! सव्वीस वर्षें तो त्या पिंजऱ्यांत राहिला आणि १९२० सालीं मरण पावला. तारेचा तुकडा पोटांत गेल्यामुळें तो मेला, असें लोक म्हणत. परंतु संस्थेचे एके काळचे क्युरेटर नॉर्मन किनिअर यांचें मत निराळें होतें. ज्यांच्या खुर्चीमागें विल्यम राहत होता ते चिटणीस वॉल्टर मिलर्ड त्याच वर्षीं हिंदुस्थान सोडून गेले. जुना स्नेही दुरावल्याच्या दुःखानेंच पक्षी गेला असावा, असें किनिअर यांना वाटे.

ही गोष्ट गोड आहे, पण तिला एक दुसरी बाजूहि आहे. रानांत धनेशाची मादी विणीच्या काळीं झाडाच्या ढोलींत शिरते, आणि ढोलीचें तोंड लिंपून घेऊन केवळ एक फट ठेवते. त्या फटींतून नर तिला आणि पुढें पिलांना आठवड्यामागून आठवडे फळें आणून भरवितो. ज्याच्या जातीचा संसार इतक्या निष्ठेचा, तो पक्षी सव्वीस वर्षें एका कचेरींत माणसांच्या मायेवर जगला. त्याला पिंजऱ्यांत ठेवणाऱ्यांचें प्रेम खोटें नव्हतें. परंतु त्या प्रेमानें त्याला रान परत मिळालें नाहीं. पुढें त्याच विल्यमचें चित्र संस्थेचें बोधचिन्ह झालें, आणि तिच्या मुंबईंतील वास्तूला 'हॉर्नबिल हाउस' हें नांव मिळालें. छांदिष्टांच्या सगळ्या इतिहासांत हा पेंच पुनःपुन्हां उभा राहतो: ज्याच्यावर जीव जडला त्याला जवळ ठेवावें, कीं त्याच्या ठिकाणीं सुखानें राहूं द्यावें?

या मंडळींचें खरें अभ्यासक्षेत्र म्हणजे साष्टीचें बेट. मुंबईच्या उत्तरेस खाड्यांनीं वेढलेल्या या बेटाशीं शहराचा खुष्कीचा संबंध जडला तो १८०५ सालीं पुऱ्या झालेल्या शीवच्या बांधानें आणि १८४५ च्या माहीमच्या बांधानें. पश्चिमेस भातशेती, ताडांचीं बनें आणि मिठागरें. पूर्वेस ठाण्याची खाडी. आणि मध्यें कान्हेरीच्या लेण्यांचे डोंगर. या डोंगरांतलें रान वांचलें त्याचें एक कारण मोठें व्यावहारिक आहे, आणि तें म्हणजे शहराची तहान. मुंबईंतील विहिरी व तळीं अपुरीं पडूं लागलीं, तेव्हां मिठी नदीच्या उगमाजवळ धरण बांधण्याचें ठरलें. १८५६ सालीं सुरू झालेलें विहार तलावाचें काम १८६० सालीं पुरें झालें, आणि १८७९ सालीं तुळशीचा तलाव तयार झाला. तलावांत येणारें पाणी स्वच्छ राहावें, तर ज्या उतारांवरून तें वाहत येतें तेथें वस्ती व शेती नको, हें उघड होतें. अशा रीतीनें नळाला येणाऱ्या पाण्यानें बिबळ्याला आसरा दिला. १९२९ सालीं विहारच्या परिसरांत एक पट्टेरी वाघ मारला गेल्याची नोंद आहे. ज्या शहरांत त्या वेळीं विजेच्या आगगाड्या धांवूं लागल्या होत्या, त्याच्या वेशीवर वाघ फिरत होता, असा याचा अर्थ!

येथें एका खेतवाडींतल्या मुलाची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. सलीम अली हे त्याचें नांव, आणि १८९६ हें त्याचें जन्मसाल. आईबापांवांचून वाढलेल्या या पोराला मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनीं छऱ्यांची बंदूक आणून दिली होती. १९०८ च्या सुमारास त्यानें एक चिमणी पाडली. पाहतो तों तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही चिमणी खाण्यास चालेल कीं नाहीं, अशी शंका घेऊन तो मामाकडे गेला. मामा स्वतः शिकारी. परंतु त्यांनाहि ती ओळखतां येईना, म्हणून त्यांनीं मुलाला संस्थेकडे धाडलें. मिलर्डसाहेबांनीं त्याला हांकलून तर दिलें नाहींच, उलट कपाटांचे खण उघडून पेंढा भरून ठेवलेलीं कितीतरी पांखरें दाखविलीं, आणि एटकिन यांचें मुंबईच्या नेहमींच्या पक्ष्यांवरील पुस्तक वाचावयास दिलें. पक्ष्याची कातडी सोलून ती टिकविण्याची कला त्याला संस्थेंत शिकावयास मिळाली. एका पोराच्या प्रश्नाचें हंसें न करतां त्याला उत्तर देणारा एक मोठा माणूस त्या दिवशीं भेटला नसता, तर भारताच्या पक्षिशास्त्राचा इतिहास कांहीं निराळाच झाला असता.

सलीम अली यांच्याच नात्यांतले हुमायून अब्दुलाली. यांचा जन्म १९१४ सालीं जपानांतील कोबे येथें झाला, पण त्यांच्या छंदाचें बीज रुजलें तें अंधेरीस. त्या काळची अंधेरी म्हणजे झुडुपांचें रान, माळ आणि टेकड्या. तेथें पांखरें पाहण्यास दूर कोठें जावें लागत नसे. दाराबाहेर पाऊल टाकलें कीं पुरे. या दोघांनीं मिळून मुंबई आणि साष्टी येथील पक्ष्यांची सविस्तर माहिती १९३६ पासून संस्थेच्या नियतकालिकांत क्रमशः प्रसिद्ध केली. कोणता पक्षी कोठें, कोणत्या महिन्यांत, किती संख्येनें दिसतो, याची ती जणूं खानेसुमारीच होती. आज कोणी विचारलें, कीं अंधेरीच्या माळावरून काय गेलें आणि काय राहिलें, तर उत्तरासाठीं याच नोंदींकडे वळावें लागतें. ज्याची नोंद नाहीं त्याच्या नाशाची तक्रार तरी कोण करणार?

आणि येथेंच छंदाचें रूप पालटलें. हे सर्व लोक बंदूक बाळगणारे होते. पक्षी मारून तो ओळखणें हीच तेव्हांची रीत होती. परंतु वर्षानुवर्षें त्याच पाणथळींत व त्याच टेकडीवर जाणाऱ्याला, जनावरें उणीं होत आहेत हें सर्वांच्या आधीं कळतें. १८८७ आणि १९१२ चे जुने कायदे फारसे उपयोगी नाहींत, हेंहि त्यांनीं पाहिलें. स्वातंत्र्यानंतर अब्दुलाली संस्थेचे मानद चिटणीस झाले, आणि मुंबई राज्याचा वन्य पशु व वन्य पक्षी संरक्षणाचा १९५१ चा कायदा तयार करण्यांत त्यांचा मोठा वांटा होता. पुढें १९७२ सालीं साऱ्या देशासाठीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला.

बेडकांचेंहि असेंच. परदेशच्या खाणावळींसाठीं भारतांतून बेडकांच्या तंगड्या मोठ्या प्रमाणावर पाठविल्या जात. भातशेतींतले किडे खाणारा हा शेतकऱ्याचा फुकटचा राखणदार आहे, असें अब्दुलाली आग्रहानें मांडीत राहिले. १९८७ सालीं ही निर्यात बंद झाली. सह्याद्रींतील एका बेडकाच्या जातीला १९५५ सालींच त्यांचें नांव देण्यांत आलें होतें. खिशांतल्या बेडकीचें कौतुक करणारीं माणसें जगांत असावींत तीं याचसाठीं.

१९७२ च्या कायद्यानें मात्र मध्यमवर्गीय घरांतल्या एका जुन्या सवयीवर बोट ठेवलें. गॅलरींत टांगलेला मिठू, पिंजऱ्यांतल्या मुनिया, पितळेच्या घंगाळांत सोडलेलें तारा-कासव, अशीं 'मंडळी' घराघरांत असत. आपल्या रानांतले पोपट, मुनिया अथवा कासवें घरांत बाळगणें आज गुन्हा आहे. पुष्कळांना हा नियम कठोर वाटतो; पोपटाला डाळ-मिरची खाऊं घालणाऱ्या आजीनें कोणाचें काय वाईट केलें? परंतु बाजारांत आलेल्या एका पोपटामागें ढोलींतून काढतांना आणि वाटेंत मेलेलीं पिलें किती, याचा हिशेब त्या पिंजऱ्यावर लिहिलेला नसतो. विल्यमच्या गोष्टींतला पेंच कायद्यानें असा सोडविला आहे, कीं प्रेम करणाऱ्यानें पिंजरा आणूं नये, स्वतः रानाकडे जावें.

रानाकडे जावें खरें, परंतु रानच शहराच्या आंत आलें. १९५० सालीं मुंबईची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत सरकली आणि १९५७ सालीं ती दहिसर व मुलुंडपर्यंत पोंचली. भातखाचरांवर चाळी उठल्या, चाळींच्या जागीं इमारती आल्या. तलावांच्या भोंवतालचें जंगल मात्र टिकलें, वाढविलें गेलें, आणि त्याचें राष्ट्रीय उद्यान झालें. एके काळीं बोरिवलीच्या नांवानें ओळखलें जाणारें हें उद्यान पुढें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान झालें. क्षेत्रफळ सुमारें १०३ चौरस किलोमीटर. आणि चोहों बाजूंनीं लक्षावधि माणसांची वस्ती.

अशा ठिकाणीं माणूस आणि बिबळ्या यांची गांठ पडणारच. २००२ ते २००४ या वर्षांत उद्यानाच्या कडेला बिबळ्यांचे हल्ले वाढले. माणसें, विशेषतः लहान मुलें, प्राणांस मुकलीं. पिंजरे लावून बिबळे धरावेत आणि दूर नेऊन सोडावेत, हाच उपाय तेव्हां सर्वांस सुचे. परंतु जुन्नर भागांत विद्या अत्रेय यांनीं केलेल्या अभ्यासावरून दिसून आलें, कीं परक्या मुलखांत सोडलेलें जनावर बावरतें, आपल्या ठिकाणीं परत येऊं पाहतें, आणि त्यांतून नव्या गांवांत हल्ले होऊं लागतात. म्हणजे संकट टळत नव्हतें, तर पसरत होतें. कचऱ्याचे ढीग हलविणें, त्यांवर पोसलेल्या भटक्या कुत्र्यांची संख्या आटोक्यांत ठेवणें, रात्रीं मुलांना एकटें न सोडणें आणि दिव्यांची सोय करणें, हे उपाय अधिक गुणकारी ठरले. २०११ पासून वनखातें, अभ्यासक आणि उपनगरांतले रहिवासी यांनीं एकत्र येऊन ही समजूत घरोघर पोंचविण्याचा उद्योग केला. २०१५ सालीं स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साह्यानें उद्यान व आसपासच्या भागांत ३५ बिबळे मोजले गेले. या रानांतले वारली तर वाघोबाला कित्येक पिढ्या पूजीत आले आहेत. शेजाऱ्याची भीति आणि शेजाऱ्याचा मान हीं दोन्हीं एकाच देव्हाऱ्यांत नांदूं शकतात, हें त्यांना ठाऊक होतें.

छांदिष्टांची परंपराहि खंडित झालेली नाहीं. गोरेगांवच्या आरे वसाहतींत, जेथून आगगाडीचा आवाज ऐकूं येतो अशा भागांत, दोन तरुण अभ्यासकांनीं विंचवाची एक नवी जात शोधून काढली. २०१० च्या सुमारास शास्त्रानें ती मान्य केली, आणि तिच्या नांवांत आरेचें नांव कायमचें गुंफलें गेलें. ज्या भूमीवर रोज हजारों लोक चालतात, तिच्या दगडाखालीं कोणी न पाहिलेला जीव राहत होता! तिकडे मुलुंड-भांडुपच्या पाठीशीं पसरलेल्या ठाण्याच्या खाडींत हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि २०१५ सालीं तेथें त्यांच्यासाठीं अभयारण्य जाहीर झालें.

भायखळ्याच्या त्या आठ गृहस्थांनीं जंगल वांचविण्याची प्रतिज्ञा केली नव्हती. महिन्यांतून एकदां बसावें, पाहिलेलें सांगावें, आणि दुसऱ्याचें ऐकून घ्यावें, एवढेंच त्यांनीं ठरविलें होतें. पण नीट पाहणाऱ्याला नोंद ठेवावीशी वाटते, नोंद ठेवणाऱ्याला उणीव दिसते, आणि उणीव दिसलेला माणूस स्वस्थ बसूं शकत नाहीं. म्हणून उपनगरांतल्या एकाद्या बिऱ्हाडांत मुलानें काडेपेटींत कांहीं वळवळणारें घरीं आणलें, तर त्याच्या पाठींत धपाटा घालण्यापूर्वीं मिलर्डसाहेबांचें स्मरण करावें. तें काय आहे, कोठें सांपडलें, काय खातें, हें त्याला विचारावें. त्याच्याकडून वहींत लिहवून घ्यावें. आणि मग संध्याकाळीं त्या जिवाला जेथून आणलें तेथें सोडून येण्यासाठीं त्याच्याबरोबर चार पावलें चालावें.